फ्लिप फोन घ्यायचाय : कमीत कमी लक्ष वेधणारा साधा फोन कसा निवडावा?

पानगळ

स्मार्टफोन बाजूला ठेवून साधा, घडीचा फ्लिप फोन घ्यायचं मी जवळजवळ नक्की केलंय. अनुभवी मंडळींकडून नीट माहिती हवी आहे, म्हणून हा धागा.

माझं काम लिखाणाचं. सलग बसल्याशिवाय ते होत नाही. फोन उचलते ते कुणाचा तरी नंबर बघायला, आणि खाली ठेवते तेव्हा नंबर बघायचा राहूनच गेलेला असतो. मधल्या वेळात काय काय वाचलं ते धड आठवतही नाही. सूचना बंद केल्या, पडदा करडा केला, ॲपना वेळेची मर्यादा घातली. मर्यादा संपली की ती वाढवायचं बटणही त्याच पडद्यावर येतं, त्यामुळे त्या कुंपणाचा फार उपयोग होत नाही. म्हणून आता जे नकोय ते ज्यात मुळातच नाही असा फोन हवाय.

माझ्या अपेक्षा अशा: बोलणं स्पष्ट ऐकू यावं, मराठी मेसेज वाचता आणि लिहिता यावेत, बॅटरी भरपूर टिकावी आणि ब्राउझर नसावा, असलाच तर कुठेतरी आत दडलेला असावा. कॅमेरा नसला तरी चालेल.

अडचणी मलाही दिसतायत. ओटीपीचं काय, नकाशांचं काय, ग्रुप्सचं काय? शिवाय मॉडेल निवडताना नेमकं काय तपासायचं? 'मनावर ताबा ठेवा' एवढाच सल्ला कृपया देऊ नका. तो स्वतःला पुष्कळ देऊन झालाय.

---

तारायंत्र

चांगला विषय. रंग-रूप, कळा, बिजागरी हे सगळं नंतर. आधी नेटवर्क बघा, कारण साधा फोन घेणाऱ्यांचे पैसे सगळ्यात जास्त तिथेच वाया जातात.

4जीची रचना मुळात डेटासाठी झाली. त्यावरून आवाज न्यायला व्होल्टी लागतं. फोनमध्ये ते नसेल तर कॉल येताक्षणी फोन 4जी सोडून 3जी किंवा 2जीवर उतरतो, बोलणं संपलं की परत वर येतो. जुनी नेटवर्क चालू होती तोवर हे कुणाच्या लक्षातही यायचं नाही. आता ती जगभर बंद होत चालली आहेत. अमेरिकेत २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांनी 3जी गुंडाळलं, ऑस्ट्रेलियात २०२४ च्या अखेरीस गेलं. ऑस्ट्रेलियात तर एक वेगळाच पेच उभा राहिला: काही फोन साधे कॉल 4जीवरून करायचे, पण आणीबाणीचा कॉल लावताना 3जी शोधायचे. असे फोन नेटवर्कवरून बंदच करावे लागले. म्हणजे खोक्यावर '4जी' छापलेलं असणं पुरेसं नाही. व्होल्टी आहे का, आणि तुमच्या कंपनीच्या नेटवर्कवर ते त्या मॉडेलला मिळतं का, हे दोन्ही विचारा. पुष्कळ कंपन्या ठरावीक मॉडेलनाच व्होल्टी देतात. फोनमध्ये सोय आहे पण कंपनीच्या यादीत मॉडेल नाही, असं सर्रास होतं.

दुसरी गोष्ट बँडची, म्हणजे नेटवर्क ज्या रेडिओलहरींच्या पट्ट्यांवर चालतं त्यांची. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या प्रदेशांसाठी वेगवेगळ्या बँडसह निघतो. परदेशातून कुणी आणून देणार असेल तर नाव बघून हो म्हणू नका. मॉडेल क्रमांक (बॅटरी निघत असेल तर बहुधा तिच्याखाली छापलेला असतो) विचारून बँडची यादी ताडून बघा.

घेतल्यावरची चाचणी सोपी आहे. सिम घाला, कॉल लावा आणि बोलणं चालू असताना पडद्यावरच्या खुणेकडे बघा. 4जी किंवा व्होल्टी दिसत राहिलं तर ठीक. ते जाऊन 3जी, एच, ई असं काही आलं तर कॉल जुन्या नेटवर्कवर गेलाय. परत करायची मुदत असते त्या काळातच हे बघून घ्या, आणि घराच्या ज्या खोलीत रेंज कमी असते तिथे उभं राहून बघा.

---

सरळसोट

मी विरुद्ध बाजूने लिहितो, राग मानू नये.

फोन बदलून सवय बदलत नाही. लॅपटॉप समोर असतोच, लिखाण करणाऱ्याच्या तर दिवसभर असतो. शिवाय आजकाल बँक, तिकिटं, ऑफिसात शिरायचा पास, सगळं ॲपवर. फ्लिप फोन घेतलात तरी स्मार्टफोन कपाटात ठेवावाच लागणार, मग दोन फोन सांभाळा, दोन चार्जर सांभाळा. त्यापेक्षा आहे त्याच फोनमधून ब्राउझर आणि समाजमाध्यमं काढून टाका, बाकी राहू द्या. माझं असंच चालू आहे आणि उत्तम चालू आहे.

---

मोरपीस

सरळसोट, तुमचं चालतंय हे चांगलंच आहे. पण 'फोन बदलून सवय बदलत नाही' हे पटलं नाही.

२०२५ मध्ये 'पीएनएएस नेक्सस' या शोधपत्रिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ४६७ जणांना घेऊन, त्यांच्या फोनवरचं इंटरनेट दोन आठवडे ॲपने बंद ठेवायचं ठरलं. कॉल आणि मेसेज चालू, संगणकावरचं इंटरनेटही चालू. म्हणजे सगळा स्मार्टफोन एका अर्थी साधा फोन करून टाकला. मनःस्वास्थ्य, समाधान आणि सलग लक्ष देण्याची क्षमता या तीनपैकी निदान एका बाबतीत ९१ टक्के लोकांत सुधारणा दिसली. लॅपटॉप समोर असूनही, हे महत्त्वाचं. खिशातलं इंटरनेट आणि टेबलावरचं इंटरनेट यांत फरक आहे. टेबलापाशी जाऊन बसावं लागतं. रांगेत, जिन्यात, अंथरुणात ते आपल्यामागे येत नाही.

त्याच प्रयोगातली दुसरी बाजूही सांगायला हवी. ठरलेले सगळे दिवस बंदी पाळणारे बरेच कमी निघाले. ॲपने घातलेली बंदी ॲपनेच उठवता येते. पानगळ यांनी बटणाचं जे लिहिलंय ते हेच. मला फ्लिप फोनचा सगळा अर्थ इथे दिसतो: रात्री अकरा वाजता कितीही वाटलं तरी त्या फोनात ते नाहीच.

२०१७ चा टेक्सास विद्यापीठाचा एक अभ्यासही पुष्कळांनी ऐकला असेल. फोन नुसता टेबलावर असला, वाजला नाही तरी लक्ष खातो, असा त्याचा निष्कर्ष. त्याची पडताळणी करणाऱ्या पुढच्या प्रयोगांत मात्र सरमिसळ निकाल आले, त्यामुळे मी त्यावर फार भर देणार नाही.

पानगळ, एक विनंती. फोन घेण्याआधी आठवडाभर एक छोटी वही जवळ ठेवा. स्मार्टफोन उचलला की का उचलला ते दोन शब्दांत लिहा. 'ओटीपी', 'बहिणीचा कॉल', 'पत्ता', 'उगाच'. आठवड्याअखेरी 'उगाच' सोडून जे उरेल, त्याचीच सोय तुम्हाला लावायची आहे. ती यादी वाटते त्यापेक्षा बरीच लहान असते.

---

अक्षरवेडा

मराठी मेसेजबद्दल लिहितो, कारण त्याकडे कुणी बघत नाही आणि नंतर चुटपुट लागते.

वाचणं आणि लिहिणं वेगवेगळं तपासा. काही साध्या फोनांत देवनागरी दिसते, पण लिहायची सोय नसते. काहींत तीही दिसत नाही, नुसते चौकोन येतात. काहींत दिसते पण जोडाक्षरं फुटतात. दुकानात फोन हातात घेतलात की स्वतःच्या नंबरावरून त्याच्यावर एक मेसेज पाठवा: 'स्त्री, क्षेत्र, उद्ध्वस्त, दुसऱ्या, कॉफी'. हे पाच शब्द नीट दिसले तर बाकीचं दिसेल. 'दुसऱ्या'मधल्या ऱ्या वर विशेष लक्ष ठेवा, तिथे भले भले फोन घसरतात.

लिहिताना एका कळीवर पाच-सहा अक्षरं असतात, त्यामुळे वेग पडतो. शब्द ओळखून पुरा करणारी सोय असेल तर फरक पडतो, पण ती मराठीसाठी आहे का हे बघा. भाषांच्या यादीत हिंदी असते आणि मराठी नसते असं होतं. मग 'ळ' शोधत बसावं लागतं.

आणि मेसेजची लांबी. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. तीही मात्रा आणि हलन्त वेगळे मोजून. 'स्त्री' लिहिलंत की सहा गेली: स, हलन्त, त, हलन्त, र, ई-ची वेलांटी. ७० च्या वर गेलं की मेसेज तुकड्यांत जातो आणि प्रत्येक तुकडा वेगळा मोजला जातो. ज्यांना मेसेजमागे पैसे पडतात त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तरीही सांगतो, या कळांवर लिहिताना माणूस मोजकं लिहितो. 'सातला पोचतो. वाट बघ.' यापलीकडे काही सांगायचं असलं की हात आपोआप कॉलकडे जातो. गेल्या काही वर्षांत ज्यांच्याशी नुसते मेसेज चालायचे, त्यांच्याशी मी पुन्हा बोलायला लागलो.

---

पानगळ

तारायंत्र, मोरपीस, अक्षरवेडा, मनापासून आभार. वहीची कल्पना आजपासूनच सुरू करते.

सरळसोट, राग कसला? कपाटातल्या दुसऱ्या फोनाचा मुद्दा बरोबर आहे. पण तो घरी आणि मी बाहेर, एवढं झालं तरी माझं काम होईल.

आता मॉडेलांबद्दल कुणी सांगेल का? कायओएस, एस३० वगैरे वाचून गोंधळ उडालाय.

---

घडीव

मी लिहितो. मला या फोनांची आवड आहे, जरा लांबेल.

आजचे फ्लिप फोन आतून तीन प्रकारचे. पहिला, खराखुरा साधा. उदाहरणार्थ नोकियाचा २६६० फ्लिप, २०२२ मध्ये आला. एस३०+ नावाची छोटीशी प्रणाली, वायफाय नाही, १४५० एमएएचची काढता येणारी बॅटरी, बाहेर छोटा पडदा, आणीबाणीची वेगळी कळ, मोठ्या कळा. त्यात तुम्हाला गुंतवून ठेवेल असं फारसं काही नाही.

दुसरा प्रकार कायओएसवाला. मोझिलाची फायरफॉक्स ओएस होती, ती फोनांपुरती बंद पडल्यावर तिच्यातून हे निघालं. नोकिया २७२० फ्लिप (२०१९) आणि २७८० फ्लिप (२०२२) हे यातले. वायफाय, ब्राउझर, ॲपचं दुकान, हॉटस्पॉट असं बरंच असतं. बरेच जण हे घेतात ते व्हॉट्सॲपसाठी. तर स्पष्टच सांगतो: व्हॉट्सॲपने कायओएसवर नव्याने उतरवून घेणं २०२४ मध्ये बंद केलं आणि पुढे सेवाही थांबवली. जुने लेख, जुने व्हिडिओ अजून फिरतायत, त्यात 'व्हॉट्सॲप चालतं' असं ठणकावून सांगितलेलं असतं. त्यावर विसंबू नका.

तिसरा, घडीचं रूप पण आत अँड्रॉइड. २०२१ चा कॅट एस२२ फ्लिप असा होता, स्पर्शाचा पडदा आणि अँड्रॉइड ११ गो. ज्यांना बँकेचं किंवा ऑफिसचं एखादं ॲप अगदी टाळताच येत नाही त्यांना हा प्रकार उपयोगी. पण ॲप उतरवायची वाट उघडी राहते आणि सुरक्षा-अद्ययावतं लवकर थांबतात. बँकेसाठी घ्यायचा आणि अद्ययावतं नाहीत, हे मला धोक्याचं वाटतं.

पानगळ, तुमच्या अपेक्षा वाचून माझं मत पहिल्या प्रकाराला. दुसरा प्रकार मला सगळ्यात त्रासाचा वाटतो. ब्राउझर असतो पण रखडतो, नकाशा असतो पण कळांनी सरकवावा लागतो. काम धड होत नाही आणि ओढ मात्र राहते. संथ इंटरनेट म्हणजे कमी इंटरनेट असा हिशेब लोक करतात, पण माणूस तिथेही पान उघडायची वाट बघत बसतो.

फ्लिपच का, दांडीसारखा सरळ साधा फोन का नको, असं कुणी विचारेल. मोटोरोलाचा स्टारटॅक १९९६ चा, रेझर व्ही३ २००४ चा, तेव्हा खिशात लहान व्हावा हे कारण होतं. आज मला दुसरं कारण मोलाचं वाटतं. झाकण मिटलं की कॉल संपला, पडदाही झाकला गेला. बोलणं संपल्यावर समोर काही उघडं राहत नाही.

घेताना बिजागरी बघाच. पूर्ण उघडून झाकणाला हलकेच आजूबाजूला ढकला, किंचित हलेल, पण कुरकुर नको आणि खुळखुळ नको. अर्ध्यावर सोडलं तर स्वतःहून पुढे किंवा मागे गेलं पाहिजे, मध्ये लोंबकळत राहता कामा नये. वरच्या पडद्याला जोडणारी चपटी तार बिजागरीतूनच जाते. जुना, वापरलेला फोन घेणार असाल तर झाकण सावकाश उघडमीट करत पडद्यावर रेघा येतात का ते बघा. आल्या तर ती तार थकली आहे, तो फोन सोडा. 'उघडताच कॉल घ्यायचा' ही सेटिंग असते, तीही तपासा. काहींना ती बंद ठेवायची असते, म्हणजे उघडून नाव बघता येतं.

---

शांतिवन

घडीव यांच्याशी सहमत. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी पुरवणी: श्रवणयंत्र वापरत असाल तर खोक्यावर एम (यंत्राच्या माइकने ऐकताना) आणि टी (यंत्रातल्या टेलिकॉइल नावाच्या गुंडाळीने ऐकताना) यांचे आकडे शोधा, एम३/टी४ असे. आकडा जितका मोठा तितकी गुणगुण कमी. आईसाठी फोन बघताना आम्ही याच आकड्यावर अडून बसलो, आणि आता ती पलीकडच्याला पुन्हा पुन्हा विचारत नाही.

---

तारायंत्र

ओटीपी राहिलाच. एसएमएसने येणारा ओटीपी कुठल्याही फोनवर येतो, त्याची काळजी नको. दर ३० सेकंदांनी बदलणारे आकडे दाखवणारं ॲप वापरत असाल तर ते संगणकावर हलवता येतं, चांगले पासवर्ड मॅनेजर ते आकडे दाखवतात. किंवा यूएसबीची सुरक्षा-किल्ली घ्या. फक्त जुना फोन पुसण्याआधी हे करा आणि परतीचे कोड कागदावर लिहून ठेवा. ॲपमध्येच 'मंजूर करा' दाबायला लावणाऱ्या बँका असतात, तिथे मात्र कपाटातला स्मार्टफोन लागणार.

व्हॉट्सॲप पूर्ण सोडायचं नसेल तर त्याच फोनवर, घरच्या वायफायवर ठेवा आणि संगणकाला जोडून घ्या. नंबर फ्लिप फोनमधल्या सिमचाच राहू शकतो, नोंदणीचा कोड तिथे येईल. मात्र मूळ फोन १४ दिवसांहून जास्त वापरला नाही तर जोडलेली उपकरणं आपोआप बाहेर पडतात. तेव्हा आठवड्यातून एकदा तो उघडायचा.

---

रानवाट

नकाशांबद्दल. निघण्याआधी संगणकावर रस्ता बघून तीन-चार वळणं कागदावर उतरवते. खूण महत्त्वाची, अंतर नाही. 'पुलानंतर दुसरं उजवं' असं लिहिलं की चुकत नाही. सतत नव्या पत्त्यांवर गाडी चालवावी लागणाऱ्यांनी नकाशाचं वेगळं यंत्र गाडीत ठेवावं, फोनकडून ते काम करून घ्यायचा हट्ट नको.

आणखी एक, लोकांना सांगा. माझ्या बाबतीत सगळ्यात जड हेच होतं. 'ग्रुपवर टाकलं होतं की' हे वाक्य वारंवार ऐकावं लागतं. ज्या पाच-सात जणांशी खरोखर रोजचा संबंध आहे त्यांना आधी फोन करून सांगितलं की तातडीचं असेल तर कॉल करा, ग्रुप मी रात्री संगणकावर बघते. मुलांच्या शाळेच्या ग्रुपसाठी दुसऱ्या एका पालकांशी बोलून ठेवलं, महत्त्वाचं काही आलं तर त्या मेसेज करतात. बदल्यात मी त्यांची दुसरी कामं करते. हे बोलणं जमलं की बाकीचं जमतं.

---

सरळसोट

चर्चा वाचून एक मान्य करतो: बंदी उठवायचं बटणच नसणं, हा मुद्दा वजनदार आहे. माझ्यासाठी स्मार्टफोनच ठीक, पण पानगळ यांनी फ्लिप घ्यावा असं मलाही आता वाटतं. एकच सुचवतो. सिम लगेच कायमचं हलवू नका. आधी फक्त शनिवार-रविवार फ्लिपमध्ये ठेवा, काय अडतं ते कळेल.

---

पानगळ

वही भरत आली. 'उगाच'च्या नोंदींनी पानंच्या पानं भरली आहेत. उरलेल्यांत कॉल, ओटीपी, पत्ते आणि एक बँकेचं ॲप. बँकेचं काम घरूनच होतं, तेव्हा पहिल्या प्रकारचा फोन नक्की. सरळसोट, शनिवार-रविवारची सूचना पटली, तशीच सुरुवात करते.

शेवटचा प्रश्न: नंबर कसे हलवायचे? आणि सिम काढण्याआधी स्मार्टफोनमध्ये काही करायला हवं का?

---

घडीव

हो, आणि हे बहुतेकांना माहीत नसतं. आयफोन असेल तर आयमेसेजमधून, म्हणजे ॲपलच्या इंटरनेटवरून चालणाऱ्या मेसेज-सेवेतून, नंबर आधी काढून टाका. नाहीतर दुसरे आयफोनवाले पाठवतील ते तिकडेच जात राहील, तुमच्या फ्लिपवर येणारच नाही. अँड्रॉइड असेल तर मेसेजच्या सेटिंगमध्ये जाऊन आरसीएस (इंटरनेटवरून मेसेज पाठवायची तशीच सोय) बंद करा, कारण तेच. दोन्ही गोष्टी सिम जुन्या फोनात असतानाच करायच्या. शनिवार-रविवारच्या चाचणीलाही हे लागू आहे, नाहीतर दोन दिवस मेसेज आले नाहीत म्हणून फोनला दोष द्याल.

नंबरांसाठी संपर्कांची व्हीसीएफ फाइल काढा आणि ब्लूटूथने किंवा मेमरी कार्डाने फ्लिपवर घ्या. त्याआधी छाटणी करा. साध्या फोनात नावांना मर्यादा असते, आणि एका नावाखाली तीन नंबर असतील तर त्यांची कधी तीन वेगळी नावं होतात, कधी पहिलाच नंबर येतो. देवनागरीत आणि रोमनमध्ये अशी मिसळून नावं असतील तर यादीत ती दोन ठिकाणी विखुरतात, म्हणून सगळी एकाच लिपीत करून घ्या. रोजचे आठ-नऊ नंबर कळांवर लावून ठेवा, २ दाबून धरलं की थेट कॉल. हे लावायला थोडा वेळ जातो, पण मग यादीत शिरायची वेळ क्वचित येते.

फोन हाती आला की आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा वेगळा असणारा ओळख-क्रमांक, कागदावर लिहून ठेवा. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की पडद्यावर येतो. या फोनांना हरवल्यावर दुरून शोधायची सोय नसते, तेव्हा तो क्रमांकच कामाला येतो. मॉडेल ठरलं की इथे मॉडेल क्रमांक टाका, तारायंत्र आणि मी मिळून बँड ताडून देऊ.